गौराबाईचा वाफा

गौराबाईने मला आयुष्यात एकदाही 'साहेब' म्हटलं नाही. मी विलास, डिप्लोमा झालेला इंजिनियर. नेरळला सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या केल्यात, कडावात माझ्या गावी लोक मला बघून खुर्ची पुढे करतात. आणि ही बाई पहिल्याच भेटीत, हातातला कोयता खाली न ठेवता, मला म्हणाली, "तू इलास ना रं? बस. धाप लागलीय तुला."

धाप लागली होती हे खरं. चिंचखांडीची वाडी कर्जत आणि खालापूरच्या मधल्या डोंगरात आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून दीड तासाचा चढ, आणि तोही अंगावर येणारा. सव्वीस घरं, सगळी ठाकर आदिवासींची. ही माणसं सगळ्यांनाच एकेरीत बोलतात, देवालाही आणि तहसीलदारालाही, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी मुळातच तापट. बिल्डरकडची चांगली नोकरी मी या तोंडापायी घालवली होती आणि पन्नाशी उलटल्यावर एका छोट्या संस्थेत येऊन पडलो होतो. तिला धडा शिकवावा म्हणून मी तिला मुद्दाम अहोजाहो करायला लागलो. मी "गौराबाई, तुम्ही" म्हटलं की ती मागे वळून बघायची, मागे कोण उभं आहे. दोन दिवसांत मीच हरलो आणि 'तू'वर आलो.

संस्था म्हणजे वनिताताई आणि त्यांच्या ओळखीची आठ-दहा माणसं. ताई नेरळच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. डोंगरातल्या वाड्यांना शाळेची खोली बांधून द्यायची, एवढाच त्यांचा ध्यास. चिंचखांडी ही आमची तिसरी वाडी. दोन वर्गखोल्या, पुढे ओसरी, वर स्लॅब. कागदावर काम सोपं होतं.

पहिल्या दिवशी गौराबाईने मला वाडी दाखवली, म्हणजे वाडीतली एकच गोष्ट दाखवली. वरच्या अंगाला सिमेंटची एक पाण्याची टाकी होती. कधीतरी कुणीतरी बांधलेली, नारळ फोडलेला, फोटो काढलेले. तिच्यावर निळ्या रंगात मोठ्ठं लिहिलं होतं, 'काम पूर्ण'. टाकीला नळ नव्हता, टाकीपर्यंत पाइप नव्हता. आत कुणाच्या तरी शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या.

"हिच्यावर काय लिवलंय ते वाच," गौराबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते तिला पाठ होतं.

मी वाचलं.

"हां. लिवून गेले ते गेलेच. मागं फिरकले नाय. तू पन लिवनार का असलं?"

"मी बांधणार," मी तावातावाने म्हणालो. ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, त्यामुळे ती हसली की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं.

शाळा व्हावी असं वाडीत सगळ्यांनाच वाटत होतं, पण गौराबाईचं तसं नव्हतं. तिला ती हवीच होती, आणि त्याला कारण होतं मैना. मैना तिची नात, तेव्हा पाच वर्षांची. वाडीतून खालच्या गावातल्या शाळेत जायचं तर मध्ये ओढा, आणि पावसाळ्याचे चार महिने तो ओढा मोठ्या माणसालाही उतरू देत नाही. म्हणून वाडीतली पोरं सहा वर्षांची झाली की आश्रमशाळेत जायची, तिकडेच राहायची. गौराबाईची मुलगी पारू अशीच गेली होती. तिथे कुणी तिचे हाल केले असं नाही. जेवण होतं, मास्तर बरे होते. पण दिवाळीला घरी आलेली पारू दाराबाहेर चपला काढून उभी राहायची, आत ये म्हणेपर्यंत.

"सोताच्या घरात," गौराबाई मला सांगत होती आणि एकीकडे कोयत्याने लाकडं फोडत होती. "पाहुनीवानी. पानी पायजे तर इचारायची, घेऊ का म्हनून. अकरा वरसं माझी पोर मला इचारून पानी प्याली रं."

पारू आता माथेरानला एका हॉटेलात भांडी घासायला होती, नवराही तिथेच. मैना आजीकडे. तिला पुढच्या जूनमध्ये सहावं लागणार होतं. शाळा उभी राहिली तर मैना घरी, नाही तर आश्रमशाळेत, इतकं ते सरळ होतं. गौराबाई दर आठवड्याला मला विचारायची, "जूनपातूर व्हईल ना रं?" आणि मी दर आठवड्याला वैतागून म्हणायचो, "तू मध्ये मध्ये आली नाहीस तर होईल."

मध्ये तर ती यायचीच. सिमेंटची गोणी खालून डोक्यावर आणायला वाडीतली माणसं होती. गौराबाई प्रत्येक गोणी उतरवताना ओल लागली का ते हाताने चाचपून बघायची. गवंडी विटा भिजवायला आळस करत तेव्हा त्यांच्या सात पिढ्यांची उजळणी करायची. तिचा नवरा गोमा शांत माणूस. तो लांब बसून विडी ओढत हे बघायचा आणि मला डोळ्यांनीच सांगायचा की चाळीस वर्षं मीही हेच ऐकतोय.

स्लॅब टाकला तो शनिवारी, एकवीस मार्च दोन हजार वीसला. स्लॅब म्हणजे आमच्या धंद्यातलं लग्नकार्य, एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. सकाळपासून सगळी वाडी रांगेत उभी, घमेली या हातातून त्या हातात. बाहेरगावचे चार गवंडी होते. त्यांचे फोन सारखे वाजत होते. आजार वाढतोय, गाड्या बंद होणार, निघा. संध्याकाळी शेवटचं घमेलं पडलं आणि गवंड्यांनी तिथल्या तिथे कपडे बदलले. स्लॅबवर पाणी साठवायला कडेने बांध घालायचे राहिले होते. ते गवंड्यांचं काम. पण ते बॅगा उचलून डोंगर उतरायला लागले होते, आणि मलाही त्यांना कर्जतला सोडायचं होतं.

नवा स्लॅब एकवीस दिवस ओला ठेवावा लागतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो वरून सुकला तर तडे जातात. तडे गेले की पावसात गळतो, आतल्या सळ्या गंजतात, आणि मग तो पाडण्यावाचून इलाज राहत नाही. मी जाता जाता शिडीवरून गौराबाईला ओरडून सांगितलं, "सोमवारी येतो मी. मी येईपर्यंत पाणी बंद करायचं नाही. मी येईपर्यंत! कळलं?"

"तू ये तर खरं," गौराबाई म्हणाली.

सोमवार आला, मी गेलो नाही. मंगळवारी सगळा देशच बंद झाला.

पुढच्या दिवसांबद्दल काय सांगायचं, सगळ्यांनीच ते भोगलेत. संस्थेने शाळांचं काम थांबवलं आणि वाड्यांवर तांदूळ, डाळ, तेल पोचवायचं काम हाती घेतलं. मी टेंपोत बसून दिवसभर फिरायचो, रात्री अंगणातच आंघोळ करून घरात शिरायचो, आणि पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांसमोर तो स्लॅब यायचा. उन्हात उघडा पडलेला, भेगाळलेला. वाडीत फोन लागत नाही. वरच्या कड्यावर एका खडकावर चढलं तरच रेंज येते, आणि गोमाच्या फोनमध्ये बॅलन्स नसायचा.

वाडीने तोवर आपली शीव बांधली होती. ही त्यांची जुनी रीत. गोमाच्या आजाच्या वेळी पटकीची साथ आली तेव्हाही बांधली होती म्हणे. वाटेवर करवंदीच्या काट्या आडव्या टाकायच्या, शेजारी शेंदूर लावलेला दगड ठेवायचा, आणि साथ सरेपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. माथेरानची हॉटेलं बंद झाल्यावर पारू आणि तिचा नवरा रानातल्या वाटेने चालत आले, तर त्यांनाही पंधरा दिवस शिवेबाहेर झाप बांधून राहावं लागलं. गौराबाई लेकीची भाकरी काटीच्या पल्याड ठेवायची आणि लांब जाऊन बसायची. त्या वेळी आम्ही शिकलेली माणसं भाजीबाजारात एकमेकांच्या अंगावर पडत होतो, हे मी लाज वाटून सांगतोय.

बारा एप्रिलला मी शिधा घेऊन त्या काटीपाशी पोचलो. पलीकडे गोमा आला, वीस पावलांवर उभा राहिला. आम्ही दोघे ओरडून बोललो.

"गोमा, स्लॅब कसा हाय रं?"

"हाय."

"पाणी?"

"म्हातारी घालते."

माझा जीव भांड्यात पडला. मी बोटं मोजली. "एकवीस दिवस झाले. पुरे आता. तिला सांग, बंद कर म्हणावं."

"सांगतो," गोमा म्हणाला आणि तांदळाची गोणी उचलून चालायला लागला.

त्या एकवीस दिवसांत वाडीत काय घडलं ते मला पुढे धोंडूबाईने सांगितलं, कारण गौराबाई स्वतःबद्दल बोलत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या चुका सांगते. धोंडूबाई तिची शेजारीण आणि जुनी भांडखोर मैत्रीण. गवंडी गेले त्याच संध्याकाळी गौराबाईने शेतातली माती पाट्यांनी वर नेली, कालवली, आणि भाताच्या खाचराला घालतात तसे स्लॅबवर बांध घातले. सगळ्या स्लॅबचे बारा वाफे केले. गवंड्यांनीही इतके चोख केले नसते. आणि मग ती झऱ्याचं पाणी हंड्याने वर नेऊन त्यात ओतायला लागली. उन्हाळ्यात त्या झऱ्याला करंगळीएवढी धार. बायका हंडे घेऊन ताटकळत बसलेल्या, आणि ही भरलेला हंडा घेऊन शाळेवर चढते.

"मी भांडले," धोंडूबाई म्हणाली. "मी बोलले, पोरांना प्यायला पानी नाय आन् तू दगडाला पाजते. तिचा हंडा मी पालथा केला."

"मग?"

"मंग काय. रडली नाय, बोलली नाय. दुसऱ्या दिशी घराघरात गेली. बोलली, सावड करा."

सावड म्हणजे लावणीला एकमेकांच्या शेतात राबायचं, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. शेतीची ही रीत गौराबाईने पाण्याला लावली. प्रत्येक घराने दिवसाला एक हंडा शाळेवर टाकायचा. बदल्यात लावणीला ती त्यांच्या शेतात येणार. बायकांनी कुरकुर केली, पण सावडीला नाही म्हणता येत नाही. सव्वीस घरांचे सव्वीस हंडे रोज शिडी चढायला लागले.

"तू पण गेलीस?" मी धोंडूबाईला विचारलं.

"एक दिस गेले, बघू तरी म्हनून. वर उभी रायले, तर पाय गार वाटले." ती जरा लाजली. "मंग रोजच गेले."

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मे महिन्यात संस्थेची बैठक मोबाइलवर झाली. सगळ्यांची तोंडं उतरलेली. देणगीदारांचा ओघ शिध्याकडे वळला होता आणि ते बरोबरच होतं. एका सभासदांनी मुद्दा काढला की चिंचखांडीची शाळा आता सोडून द्यावी. उरलेलं सामान दुसरीकडे वापरू, मुलांची सोय आश्रमशाळेत होतेच आहे. मी ताडकन म्हणालो, "स्लॅब टाकून झालाय साहेब! आता मागे कसं फिरायचं?"

वनिताताईंनी शांतपणे विचारलं, "स्लॅब चांगला आहे?"

"उत्तम आहे."

"तुम्ही पाहिलात?"

मी मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"विलासराव, वाट उघडली की आधी जाऊन बघा," ताई म्हणाल्या. "स्लॅब धड असेल तर डोक्यावर छप्पर आहे, बाकीचं रखडत का होईना करू. गेला असेल तर मात्र मला हा विषय संपवावा लागेल. दुसऱ्यांदा स्लॅब टाकण्याची आपली ताकद नाही."

एक जूनला, सोमवारीच, गोमाने काट्या बाजूला केल्या. मी तो चढ एकदाही न थांबता चढलो. वळण घेतलं आणि शाळा दिसली. स्लॅबवर गौराबाई उभी. कमरेवर लहानसा हंडा, आणि ती कोपऱ्यात पाणी ओततेय.

मी शिडी चढलो. अकरा वाफे कोरडे होते, माती झाडून बाजूला लावलेली. मी गुडघ्यांवर बसून सगळा स्लॅब हाताने चाचपला, हातोडीने ठोकला. खणखणीत वाजला. एक केसभरही भेग नाही. तिथेच बसून मी डोळे पुसले, घाम आला होता असं गोमाला सांगितलं. मग कोपऱ्याकडे बघितलं. तिथला बारावा वाफा पाण्याने भरलेला, आणि त्याच्या बांधावर वीतभर उंच, पोपटी, भाताची रोपं. शेतातल्या मातीत गळालेलं बी होतं, ते पाण्याने रुजून आलं होतं. शाळेच्या डोक्यावर भात उगवला होता.

आधी खडकावर चढून ताईंना फोन लावला. "स्लॅब ठणठणीत. काम चालू ठेवायचं." पलीकडून ताईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग परत येऊन मी गोमाला धरलं. "तुला बारा एप्रिलला काय सांगितलं होतं रं?"

"मी सांगितलं. ती नाय ऐकली. आता तू सांग."

मी गौराबाईकडे वळलो. सुटकेच्या आनंदाने मला रागच जास्त आला, माझं हे नेहमीचं. "एकवीस दिवस, गौराबाई! एकवीस दिवसांत स्लॅब तयार होतो. आज बाहत्तरावा दिवस. मे महिन्यात हे पाणी कुणाच्या बापाचं ओतलंस?"

"भांडी धुतलेलं व्हतं," ती म्हणाली. "तांदूळ धुतलेलं. एकच वाफा ठेवलेला. तुला काय करायचंय? आलास ना?"

"आलो की."

"मंग आता थांबते." उरलेलं पाणी तिने स्वतःच्या पायांवर ओतलं, हंडा पालथा केला आणि खाली उतरून माझ्यासाठी कोरा चहा ठेवला. रोपं तिने नंतर अलगद उपटून आपल्या खाचरात लावली.

दोनच दिवसांनी निसर्ग वादळ आलं. वाडीतली नऊ छपरं उडाली, आणि अख्खी वाडी, पोरं, शेळ्या, कोंबड्या धरून त्या स्लॅबखाली बसली. वादळ सरल्यावर काम पुन्हा सुरू झालं, पण गवंडी काही परत आले नाहीत. मी खालून सांगायचो, वाडीतली माणसं करायची. कुडाच्या भिंती लिंपणारे त्यांचे हात. सिमेंटचा गिलावाही त्यांनी शेणामातीसारखा तळव्याने फिरवला. आजही त्या भिंतींवर उन्हात बोटं दिसतात. सिमेंट वर आणायचा प्रश्न पारूने सोडवला. माथेरानचे घोडे पर्यटकांवाचून ठाणबंद होते, घोडेवाल्यांचे हाल चालले होते. पारूच्या ओळखीचा गजा घोडेवाला सहा घोडी घेऊन आला आणि दोन महिने त्यांनी ओढा टाळून रानातल्या लांबच्या वाटेने गोण्या वाहिल्या. मी त्यांच्यामागे छत्री धरून चालायचो. गोण्यांवर, माझ्या डोक्यावर नाही.

जुलैपासून शाळा भरायला लागली. दारं-खिडक्या नव्हत्या. बारावी झालेली सुंदरा नावाची मुलगी पलीकडच्या वाडीतून यायची आणि चौदा पोरांना लांब लांब बसवून शिकवायची. राज्यातल्या शाळा बंद होत्या. ही अजून शाळा झालीच नव्हती, म्हणून बंद करायला कुणी आलं नाही. मैना पहिल्या रांगेत. तिला तहान लागली की ती उठायची, समोरच्या घरात शिरायची, माठातलं पाणी प्यायची आणि परत येऊन बसायची. कुणालाही न विचारता. गौराबाई दारात बसून ते बघायची. मी एकदा तिच्याकडे पाहिलं तर तिने मला झापलं, "माझ्या तोंडाकडं काय बघतो? त्या खिडकीचं बघ."

तर हा किस्सा मी पुढे तीन वर्षं ठिकठिकाणी सांगितला. संस्थेच्या कार्यक्रमात, लग्नाच्या पंगतीत, नेरळच्या जुन्या मित्रांत. येईपर्यंत पाणी बंद करू नको म्हटलं तर बाई बाहत्तर दिवस पाणी घालत बसली, शब्दाला शब्द धरून! लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. प्रेमानेच सांगायचो, पण त्यात एक चव अशी असायची की बघा, किती भोळी माणसं. ती चव मला स्वतःला तेव्हा कळली नाही.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये मी दाखला घेऊन वर गेलो. दारं-खिडक्या लागल्या होत्या, फळा होता, मैना तिसरीत होती. संस्थेला फाइल बंद करायला एक कागद हवा होता, आणि वाडीच्या शाळा समितीची अध्यक्ष म्हणून त्यावर गौराबाईचा अंगठा. मी ओसरीत बसून शाईचा डबा उघडला. तिने अंगठा पुढे केला, मग थांबली.

"मैना, वाच गं."

मैनाने कागद घेतला आणि फळ्यापाशी उभं राहून वाचतात तसं खड्या आवाजात वाचलं. "चिंचखांडी येथील शाळेचे काम पूर्ण झाले आहे." मग तिने मान वर केली. "आजी, टाकीवर लिवलंय तेच."

गौराबाईने अंगठा मागे घेतला आणि लुगड्याला पुसला.

"अगं, हा नुसता कागद आहे," मी म्हणालो.

"टाकीवर पन नुसतं लिवलंय."

"शाळा तुझ्या डोळ्यांसमोर उभी आहे, गौराबाई! अजून काय हवंय तुला?" माझा आवाज चढला. तिचा चढला नाही, आणि तेच विचित्र होतं. ती मला समजावल्यासारखं, हळू बोलली.

"त्या साली गोमा सांगत आला, इलास बोलला एकवीस दिस झाले, बंद कर. मला काय समजत नाय? सलाब कवाच तयार झालेला. मी अकरा वाफे सुकवले. एक ठेवला."

"का ठेवलास?"

"तू बोललेला, मी येईपातूर पानी बंद करू नको. मंग मी बंद केलं असतं, तर तू कशाला आला असतास? समदी दुनिया बंद झालेली. खाली माणसं मरत व्हती. डोंगरातली एक शाळा कोन ध्यानात ठेवतो रं? काम झालं म्हनलं की माणूस इसरतो. पानी चालू हाय म्हंजे काम चालू हाय. म्हंजे तुला यावंच लागंल." तिने मैनाकडे बघितलं. "मी रोज एक हंडा घालायची आन् बोलायची, आज नाय आला, उद्या येईल."

तीन वर्षं मी ज्या गोष्टीवर टाळ्या घेतल्या होत्या, ती गोष्ट मला कळलीच नव्हती. भोळी ती नव्हती. पन्नास दिवस, भांडी धुतलेल्या पाण्याने, त्या बाईने मला बांधून ठेवलं होतं, आणि मी टेंपोत बसून समजत होतो की शाळा संस्था बांधतेय. लाज वाटली, आणि कुणीतरी आपली इतकी वाट बघितली होती म्हणून भरूनही आलं. मी रुमाल शोधायला लागलो. या वेळी घामाचं कारण सांगायला गोमा जवळ नव्हता.

"मग काय करू सांग," मी म्हणालो. "फाइल बंद होत नाही माझी."

गौराबाईने मैनाला काहीतरी खूण केली. मैनाने माझ्या खिशातलं पेन काढलं, विचारलंसुद्धा नाही. कागद फरशीवर ठेवून तिने 'पूर्ण झाले' यावर एक रेघ मारली आणि वर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'चालू'. मग गौराबाईने शाईत अंगठा बुडवला आणि असा दाबून उठवला की खालच्या फरशीवरही डाग उतरला.

तो कागद मी ताईंपुढे ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी कागद फाइलीत लावला, फाइल बंद न करता कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "कधी जाताय परत?"

तेव्हापासून मी दर दीड-दोन महिन्यांनी जातो. काही ना काही राहिलेलं असतंच; कधी पायरी, कधी पन्हाळ. आता दुसऱ्या वर्गाच्या खिडकीची एक बिजागरी तेवढी बदलायची आहे. गौराबाई दर खेपेला मला ती करकर वाजवून दाखवते. मागच्या वेळी मी नवी बिजागरी बरोबर नेली होती. चहा झाला, गप्पा झाल्या, मैनाने पाढे म्हणून दाखवले, आणि निघताना गौराबाईने विचारलं, "ती खिडकी रायली ना रं?"

"राहिली," मी म्हणालो. बिजागरी पिशवीतच होती. "पुढच्या वेळी बघतो."